मे महिन्यातील मुंबई आणि पाहुण्याची दुपार



या व्यासपीठावर वेदान्तावर बोलले जाते, अर्थकारणावर बोलले जाते, इतिहासाचे वाद तर येथे दरसाल नव्याने पेटतात. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या खाण्यापिण्याचा आणि हिंडण्याफिरण्याचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. चिटणिसांना विषय कळवला तेव्हा तो आम्ही भीतभीतच कळवला होता. त्यांनी उत्तर धाडले, "जरूर बोला. मे महिन्यात निम्मे पुणे मुंबईला असते, उरलेले निम्मे तरी ऐकायला येईल." तेव्हा आज समोर बसलेली मंडळी अद्याप निघायची आहेत, असे समजून आम्ही बोलणार आहोत.

आपण निघता ते बहुधा डेक्कन क्वीनने. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली. तिच्यावर पुणेकरांचे जे प्रेम आहे त्याला आमच्याकडून कसलाही धक्का लागणार नाही. परंतु तिच्या वेळापत्रकाकडे मे महिन्यातल्या पाहुण्याच्या डोळ्यांनी एकदा पाहा. सकाळी सव्वासातला ती पुणे सोडते आणि साडेदहाच्या सुमारास बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, आणून सोडते. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ती परत फिरते. म्हणजे मुंबईची सकाळ संपता संपता आपण उतरता आणि संध्याकाळ सुरू व्हायच्या आत डब्यात जाऊन बसता. सकाळ आणि संध्याकाळ ही या शहराची दोन सुखे. ती दोन्ही हुकतात आणि आपल्या पदरात पडते ती नेमकी दुपार. मग घरी आल्यावर आपण म्हणता, "मुंबई काही खरी नव्हे बुवा." त्यात मुंबईचा दोष निम्मा आणि वेळापत्रकाचा निम्मा.

पुणेकर मुंबईच्या उन्हाला भीत नाही, आणि येथेच तो फसतो. मे महिन्यात पुण्याचा पारा ३७-३८ अंशांवर जातो, मुंबईचा सरासरीने ३३-३४ वर थांबतो. आकडे पाहिले तर मुंबई थंड म्हणावी लागेल! पण पुण्याची हवा कोरडी. अंगावर घाम येतो आणि उडून जातो, आणि उडताना अंग निववतो. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते तोच हा न्याय. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की घामाला उडायला जागा राहत नाही. तो नुसता ओघळतो, सदरा पाठीला चिकटवतो आणि गारवा मात्र देत नाही. पुण्यात रात्री पारा २२-२३ पर्यंत उतरतो, मुंबईत तो २७ च्या खाली जायला नाखूष असतो. म्हणजे शरीराला रात्रीचीही सुटी नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो हे खरे, पण तो किनाऱ्यावर. दोन इमारतींआडच्या गल्लीत त्याचा पत्ता नसतो.

हे ज्ञान आम्हांला पुस्तकातून झाले नाही. आमच्या थोरल्या मामांनी ते आम्हांला दिले, आणि त्यासाठी त्यांना बरीच किंमत मोजावी लागली.

गोष्ट १९७४ च्या मे महिन्यातली. आम्ही तेव्हा गिरगावात, चाळीतल्या दोन खोल्यांत, सात माणसे राहत होतो. मामा कऱ्हाडला शाळामास्तर. सुटीत ते प्रथमच मुंबई पाहायला आले. दोन खोल्यांत पाहुणा आला की यजमानाच्या पोटात काय होते, हे ज्यांनी चाळ अनुभवली आहे त्यांनाच कळेल. पाहुणा हवासा असतो, पण दुपारी त्याने पाठ कोठे टेकावी, हे कोणालाच सांगता येत नाही. दुपारी आई, आजी आणि पाळणा यांनी एक खोली व्यापलेली, दुसरीत रात्रपाळी करून आलेले काका झोपलेले. म्हणून पाहुण्याला "मुंबई दाखवणे" हा चाळीतला शिष्टाचार होता. खरे बोलायचे तर ती घराची गरज होती. कॉलेजात जाणारा भाचा हाताशी होताच.

मामाही उत्साही. "पोरा, एवढ्या लांब आलोय तर सगळं बघूनच जाणार," असे म्हणून त्यांनी कोट चढवला. होय, कोट! सकाळी चहा-पोहे, देवपूजा, पाहुण्याची आंघोळ हे सारे उरकून निघायलाच साडेदहा झाले. गेटवे ऑफ इंडिया पाहिले, म्यूझियमभोवती फिरलो, फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्मा स्मारकाला मामांनी टोपी काढून नमस्कार केला. तेथून बसने राणीच्या बागेकडे. भायखळ्याला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. मामा दहा पावले चालले आणि एका खांबाला धरून उभे राहिले. त्यांच्या तोंडाला रंग म्हणून उरला नव्हता. "काही नाही रे, जरा डोळ्यांपुढं..." एवढेच बोलले आणि खाली बसले.

कोपऱ्यावर एक इराण्याचे हॉटेल होते. गल्ल्यावरच्या शेटने हे पाहिले आणि दोन पोऱ्यांना धाडून मामांना आत आणवले. दोन बाके जोडून पंख्याखाली निजवले, कोट काढला, बूट काढले. मीठ घातलेले लिंबाचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. आम्ही घाबरून काही मागवायला गेलो, तर शेट म्हणाला, "अभी ऑर्डर नहीं. पहले आदमी." भरदुपारच्या धंद्याच्या वेळी एका गिऱ्हाइकाची जागा दोन तास अडली. साडेचारला मामा उठून बसले. मग दोन चहा आणि एक ब्रून-मस्का घेतला. शेटने पैसे घेतले ते तेवढ्याचेच.

त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही शहराची परीक्षा एकाच प्रश्नाने करतो. ओळखदेख नसलेला माणूस मे महिन्यात दुपारी दोन वाजता तेथे कोठे बसू शकतो?

आता पाहुण्यांना आमचे सांगणे. पहिली गोष्ट, आदल्या संध्याकाळच्या गाडीने या. मुक्काम नातेवाइकाकडे असो वा लॉजमध्ये, सकाळ हाती लागली पाहिजे. सकाळी सात ते अकरा हे चार तास तुमचे. त्यांत एकच गोष्ट पाहायची, दोन नाही.

घारापुरीला जायचे तर गेटवेहून सुटणाऱ्या पहिल्या नावेने. सोमवारी लेणी बंद असतात, हे न पाहता गेलेली कुटुंबे आम्ही धक्क्यावर डबे उघडून बसलेली पाहिली आहेत. नाव सुमारे तासाभरात पोचवते. जाकीट देतात ते अंगात घालावे, मांडीवर घेऊन बसू नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर झालेल्या अपघातात माणसे गेली आहेत, तेव्हा तेथे लाजण्याचे कारण नाही. बेटावर पायऱ्या शंभराच्या वर आहेत. त्या नऊ-दहाला चढणे निराळे आणि बाराला चढणे निराळे. वर गेलात की मोठ्या लेण्यात जा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्वस्थ उभे राहा. मग समोरच्या काळोखातून तो तीन मुखांचा शिव हळूहळू पुढे येऊ लागतो. अठरा-वीस फूट उंचीची ती मूर्ती आहे, पण आम्हांला तिची उंची कधी जाणवली नाही, जाणवली ती मधल्या मुखावरची शांतता. सभोवतीच्या मूर्ती पुष्कळ फुटलेल्या आहेत. त्यांच्या पुढून झरझर जाऊ नये. अर्धा हात आणि तुटका पाय राहिलेला नटराजही अजून नाचतो आहे.

आणि या बेटावरचा हत्ती? पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले तो दगडी हत्ती आता तेथे नाही. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा बेत झाला, उचलताना तो कोसळून फुटला, आणि त्याचे तुकडे विलायतेऐवजी राणीच्या बागेत आले. १९१४ साली ते सांधून तो हत्ती उभा केला. आजही तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे घारापुरी पाहिलेल्या माणसाने दुसऱ्या सकाळी भायखळ्याला जावे हा क्रम त्या हत्तीनेच ठरवून ठेवला आहे. संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. ज्यांचे नाव १९७५ साली त्याला दिले ते भाऊ दाजी धंद्याने वैद्य, हौसेने पुराणवस्तूंचे संशोधक. आत मातीच्या लहान लहान बाहुल्यांतून जुन्या मुंबईचे पागोटीवाले, कारागीर, फेरीवाले भेटतात. पाहुण्यांबरोबरच्या मुलांना मात्र ही थोरवी पटत नाही. त्यांना शेजारच्या बागेतले पेंग्विन हवे असतात, आणि तो पक्षी मेच्या मुंबईत काचेमागे गारव्यात पोहताना पाहून मोठ्यांनाही त्याचा हेवा वाटतो. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीबद्दल एवढेच सांगतो की शंभराहून अधिक लेणी तेथे आहेत, आणि भिक्षूंनी खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी लेण्यांइतक्याच पाहण्याजोग्या आहेत. उन्हाळ्याचा विचार त्यांनी आपल्याहून अधिक केला होता. आता अकरा वाजले, आणि आपण मूळ प्रश्नापाशी आलो.

दुपारी कोठे बसायचे? श्रीमंत पाहुण्याला हा प्रश्न नाही. थंड हवेचे मॉल आहेत, वातानुकूलित हॉटेले आहेत. आम्ही बोलतो आहोत ते चार माणसांचे कुटुंब घेऊन, पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून आलेल्या गृहस्थाबद्दल. त्याच्यासाठी एक उत्तम जागा म्हणजे म्यूझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली त्याची कोनशिला बसली, इमारत उभी राहिली तोवर पहिले महायुद्ध पेटले होते, म्हणून आधी तेथे जखमी सैनिक राहिले आणि १९२२ साली ते लोकांना खुले झाले. सकाळी बाहेरून पाहून पुढे जाण्याची चूक आम्ही मामांच्या वेळी केली, ती आपण करू नका. त्याच्या घुमटाखाली दुपारचे तीन तास काढा. जाड दगडी भिंती आत ऊन येऊ देत नाहीत. लघुचित्रे पाहायला घाई चालतच नाही, आणि पाय दुखले तर बसायला बाके आहेत.

पण आधी जेवण. मुंबईत जेवण्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या शहरातली बहुतेक नावाजलेली खाण्याची ठिकाणे हौसेने निघाली नाहीत. ज्यांना येथे घर नव्हते, किंवा घरात चूल पेटवणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी ती निघाली. त्यामुळे पाहुण्याला ती आपलीशी वाटतात.

इराणी घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून झरतुष्ट्री मंडळी पोटासाठी येथे आली. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ म्हणून टाळत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांचा वारा लागतो हा लाभ त्यात आलाच. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, आरसे, बरण्यांतली बिस्किटे, आणि भिंतीवर काय करू नये याची भलीमोठी यादी. पण त्या यादीत "फार वेळ बसू नये" ही सूचना बहुतेक ठिकाणी कोणी पाळत नसे आणि शेट पाळायला लावत नसे. एका चहावर वर्तमानपत्राची सारी पाने वाचून होत. धोबी तलावाला कयानी १९०४ पासून आहे, बॅलार्ड पिअरला ब्रिटानिया १९२३ पासून. ब्रिटानियात दुपारीच जावे, बेरी-पुलाव खावा, वर तांबडी रासबेरी प्यावी. शहरात एके काळी अशी शेकडो हॉटेले होती. आता मोजकी राहिली आहेत.

गारव्याचा शौकही या शहराला पारशांनी लावला. १८३४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने बर्फ मुंबईला आला. गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेला तो बर्फ भुशात झाकून इतके महिने समुद्रावरून आला, आणि तरीही पुष्कळसा शिल्लक होता! तो साठवायला वर्गणी काढून बर्फाचे घर बांधले. सर जमशेटजी जीजीभाईंनी जेवणावळीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले, आणि यजमान व पाहुणे दोघेही सर्दीने आजारी पडले अशी बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात आली. उन्हाळ्यातल्या मुंबईकर पाहुणचाराची ही छापून आलेली फार जुनी हकीकत, आणि तीही फजितीची! आज भेंडी बाजाराजवळ बोहरी मोहल्ल्यात संच्यावर हाताने फिरवलेले आइस्क्रीम मिळते. ते खावे, सर्दीची जबाबदारी आमच्याकडे नाही.

माटुंग्याला रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली, ऐन युद्धाच्या महागाईत निघाले. दक्षिणेतून एकट्या आलेल्या कारकुनांना तेथे घरच्यासारखा भात मिळू लागला. केळीच्या पानावर रस्सम आणि ताक येथे घेतले की उन्हाळा अर्धा उतरतो. दादरला शिवाजी पार्काजवळ प्रकाशमध्ये साबुदाण्याचा वडा आणि पीयूष घ्यावे. पीयूष म्हणजे ताकात विरघळलेले श्रीखंड म्हणा ना. पण ते भर उन्हात पिऊन लगेच चालायला लागू नये, डोळे मिटू लागतात. मासे खाणाऱ्यांनी मे चुकवू नये. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी पावसाळ्यापुरती थांबते, आणि त्याआधी वेसावे-वरळीच्या कोळीवाड्यांत बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात. त्या वासाने नाक मुरडणाऱ्या पाहुण्याने एवढे आठवावे की ती एका घराची पावसाळ्याची बेगमी आहे.

आता ज्या जागेबद्दल आम्हांला सर्वांत अधिक बोलायचे आहे ती पाहुण्याला कोणी दाखवत नाही. ती म्हणजे गिरणगावातली खाणावळ.

लालबाग, परळ, डिलाईल रोड येथल्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरच्या गावागावांतून पुरुष एकटे येत. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. खोलीवर झोपायचे पाळीपाळीने. जो कामावर गेला त्याची वळकटी उठली की रात्रपाळीहून आलेल्याची पसरायची. त्यांच्या जेवणाचे काय? चाळीतल्या बाया आपल्याच खोलीत त्यांना महिनेवारीने जेवू घालत. एकेका बाईकडे वीस-पंचवीस माणसे पाळीप्रमाणे पानावर येत. भाकरी, आमटी, सुक्या मासळीचे कालवण, रविवारी काही विशेष. पैसे पगाराला मिळत. तोवर वाणी उधार देई, आणि उधारीवर व्याज चढे. म्हणजे गिरणीमालकाच्या कापडामागे एका बाईचे कर्ज उभे असे, आणि हिशेबाच्या कोणत्याही वहीत ते दिसत नसे.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत राबलेल्या. ज्यांच्याकडे तारण ठेवायला परात आणि पोळपाट यांपलीकडे काही नव्हते, अशा बायांना त्यांनी बँकेतून कर्ज मिळवून दिले, आणि त्या बायांनी ते फेडले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले, पण पाने थांबली नाहीत. आम्ही स्वतः लालबागला एका खाणावळीत तेव्हा जेवलो आहोत. पानावर बसलेल्या नऊ जणांपैकी सात जणांचे चार महिने थकलेले होते. वाढणाऱ्या बाईंना आम्ही विचारले, "मावशी, हे कसे निभावता?" त्या म्हणाल्या, "दारात आलेल्याला काय पाटी दाखवू, आज बंद म्हणून?" आणि आमच्या पानात आणखी आमटी वाढली.

संप मिटला नाही, विझला. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल आले. खाणावळींपैकी काही गेल्या, काहींनी डबे पोचवण्याचा धंदा धरला. तेव्हा परळच्या एखाद्या मॉलमध्ये दुपारी गारव्याला बसलात, तर बसा. आम्ही हरकत घेणार नाही. पण बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून एखाद्या मालवणी घरगुती जेवणाच्या पाटीखाली शिरा आणि पानावर भात, सोलकढी मागा. त्या खोलीत गर्दी असते, पंखा कुरकुरतो, जेवण झाल्यावर पुढच्याला जागा द्यावी लागते. जेवू घालणाऱ्या बाईशी चार शब्द बोला. घारापुरीइतकेच ते मुंबईदर्शन आहे.

संध्याकाळीविषयी फार सांगत नाही, तिला मार्गदर्शक लागत नाही. पाच नंतर पश्चिमेकडे तोंड करून कोठेही बसा. गिरगाव चौपाटी, दादर, नरिमन पॉइंटपर्यंतचा तो वळणदार कठडा. कठड्यावर बसायला तिकीट नाही आणि कोणी उठवत नाही. मुंबईत एवढी मोठी फुकटची बैठक दुसरी नाही. मुले बरोबर असतील तर सुटीतले बालनाट्य दाखवा. १९५९ साली सुधाताई करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे "मधुमंजिरी" रंगभूमीवर आणले आणि मुलांचे नाटक ही थट्टेची गोष्ट नव्हे हे मोठ्यांना पटवले. तेव्हापासून मुंबईच्या मुलांना सुटीत नाटकाची गोडी आहे. मोठ्यांसाठी दादरचे शिवाजी मंदिर आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात सकाळीच पाहून ठेवावी. १ मे रोजी मुंबईत असाल तर हुतात्मा चौकात जरूर जा, पण सकाळी.

आता दुपारचा आणखी एकच मुद्दा, पाण्याचा. जुन्या मुंबईत चौकाचौकांत पाणपोया होत्या, मुंबईच्या भाषेत प्याऊ. कोणी मुलाच्या, कोणी पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेल्या. नक्षीचा दगड, वर घुमटी, खाली गुरांसाठी कुंड. मशीद बंदराच्या बाजूला केशवजी नाईकांचे कारंजे १८७६ सालचे, त्यावर घड्याळही आहे. ट्रामचे घोडे, हमाल, बैल आणि बाजारात आलेला परका माणूस एकाच ठिकाणी तहान भागवत. पुढे बहुतेक कोरड्या पडल्या, काहींत टपऱ्या शिरल्या. अलीकडे त्यांतल्या काही दुरुस्त झाल्या आहेत आणि एखाद्या ठिकाणी पुन्हा पाणीही खेळू लागले आहे. हे काम पुरातत्त्वाचे म्हणून होत आहे, त्याला आमचा पाठिंबाच आहे. परंतु कोरीव दगड धुऊन चकचकीत केला आणि नळाला पाणी दिले नाही, तर तहानलेल्याने तेथे छायाचित्र काढून जायचे काय? बाकांचेही तेच. बसथांब्यावरची बाके अशी अरुंद आणि उतरती होत चालली आहेत की त्यांवर कोणी टेकावे अशी इच्छाच दिसत नाही. आमचे मामा आज त्या रस्त्यावर खांब धरून उभे राहिले तर त्यांना कोठे निजवतील, याचे उत्तर आम्हांला देता येत नाही.

मामांची गोष्ट मात्र पुरी करायला हवी. त्या वर्षापासून दर हिवाळ्यात, कऱ्हाडकडची गुऱ्हाळे सुरू झाली की ते एक गुळाची ढेप आमच्याकडे धाडत, चिठ्ठीसह. "शेटजींस पोचती करणे." आम्ही ती भायखळ्याला नेऊन देत असू. शेट दर वेळी म्हणे, "अंकलको बोलो, इतना मीठा मत भेजो, डॉक्टर मना करता है," आणि ढेप उचलून आत ठेवी. असे वीसहून अधिक वर्षे चालले. १९९७ च्या हिवाळ्यात ढेप घेऊन गेलो तर दाराला फळ्या लागलेल्या. शेजारचा पानवाला म्हणाला, जागा विकली, शेट मुलीकडे गेला. मुलगी कोठे? पुण्यात, लष्करात.

ढेप घरी ठेवून उपयोग नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही ती पिशवीत घालून पुण्याला आलो आणि पत्ता शोधत शोधत लष्करातल्या त्या बंगलीत पोचलो. शेट फार थकला होता. त्याने आम्हांला ओळखले नाही. ढेप ओळखली. उठून स्वतः पंखा लावला, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मग विचारले, "अंकलने अभी कोट पहनना छोडा के नहीं?"